चार स्पीकर की एक हेडफोन

मुलीने कॉम्प्युटरसाठी साउंड कार्ड घ्यायचं ठरवलं आणि दोन माहितीपत्रकं माझ्यापुढे ठेवली. एका कार्डावर हेडफोनचा आवाज स्वच्छ येतो, दुसऱ्याला खोलीभर सहा स्पीकर जोडता येतात. "बाबा, तुम्ही तक्ता करा, म्हणजे मला कळेल," ती म्हणाली. घरात सायकल आणायची असली तरी मी आधी कागदावर रेघा ओढतो, हे तिला माहीत आहे. या वेळीही ओढल्या. खरखर किती, वायर किती फूट, खोली किती बाय किती, सगळं भरलं. हेडफोनच्या फायद्यांत लिहिलं, "शेजाऱ्यांना ऐकू जात नाही." आणि पेन्सिल खाली ठेवली. असाच एक तक्ता मी पूर्वी केला होता. त्यात खरं कारण एवढंच होतं आणि तेवढंच मी लिहिलं नव्हतं. मुलीला काय घे ते सांगण्याआधी मला हे सांगावं लागेल.

तेव्हा मी सेलूला सरकारी कचेरीत कारकून होतो. लग्नाला वर्ष झालं होतं. विद्यापीठाच्या नामांतरावरून आमच्या भागात घरं जळाली, त्याला दोन-तीन वर्षं होऊन गेली होती, पण वाद मिटला नव्हता. आम्ही बौद्ध. खोली मिळाली ती धान्याच्या मोंढ्यामागच्या गल्लीत, एका शेतकऱ्याच्या घराच्या पुढच्या अंगाला. आमचं आडनाव इतर जातींतही सापडतं. मालकाने गाव विचारलं, मी गाव सांगितलं. त्याने पुढे विचारलं नाही, मी पुढे सांगितलं नाही.

"हे खोटं बोलणं झालं का?" बायकोने विचारलं होतं.

"मी बोललोच कुठे?" मी म्हणालो होतो.

कॅसेटचा डेक माझ्याकडे होता, ॲम्प्लिफायर हवा होता. स्टेशनच्या वाटेवर एक रेडिओ दुरुस्तीवाला असे, तो सुटे भाग आणून ॲम्प्लिफायर जोडून देई. एकाच डब्यात दोन्ही सोयी करायला जागा नाही, म्हणाला. एक काहीतरी निवडा.

"साहेब, चार कोपऱ्यांत चार स्पीकर लावा. मधी बसलं की गाणारा मांडीवर येऊन बसतो."

"मला हेडफोनचं सर्किट पाहिजे."

"नवीन लग्न झालंय आन् कानाला कुलूप लावून बसता? वहिनी काय म्हणतील?"

मी त्याला तक्ता दाखवला. खोली दहा बाय बारा. चाळीस वॉट तिथे वाया जातात. हेडफोनला एक वॉटसुद्धा लागत नाही. त्याने कागद उलटसुलट पाहून परत दिला. "हिशोब बराबर हाय," म्हणाला आणि कामाला लागला. आकडे खरोखर बरोबर होते. आमच्या खिडकीपासून मालकांची ओसरी चौदा फुटांवर होती, तेही मी मोजलं होतं. पडद्याचं माप घेताना टेप तसाच पुढे नेला होता. तो आकडा मी बायकोलाही सांगितला नाही.

माझे वडील राणीसावरगावला राहत. आम्ही त्यांना दादा म्हणत असू. एप्रिलमध्ये जयंती आली की त्यांची गायनपार्टी गावोगाव जाई. माइक बंद पडला तरी दादांचं गाणं थांबत नसे. त्या वर्षी कुणीतरी जयंतीची गाणी टेप केली आणि दादा ती कॅसेट रुमालात गुंडाळून एका रविवारी सकाळी सेलूला आले. गावात त्यांना ती ऐकायला मिळालीच नव्हती. पोराने मशीन घेतलंय, तिथंच ऐकू, असं त्यांनी पार्टीतल्या सगळ्यांना सांगितलं होतं.

"कुठंय भोंगा?" आल्या आल्या त्यांनी विचारलं.

"भोंगा नाही, दादा. हे कानाला लावायचं."

"कानाला? म्या काय बहिरा हाय का?"

बायको हसली. दादाही हसले. हेडफोन बसेना म्हणून त्यांनी पटका काढून मांडीवर ठेवला. पटक्याशिवाय मी त्यांना फार कमी पाहिलं होतं. मी बटण दाबलं.

साठीच्या माणसाने आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचा आवाज ऐकला. ते बराच वेळ जमिनीकडे पाहत होते. मग मोठ्याने म्हणाले, "आरं, पेटीवाला लय पुढं पळायलाय." मी ओठांवर बोट ठेवलं, पण त्यांचं लक्ष नव्हतं. ध्रुवपद आलं, त्यांनी उजवा हात वर केला आणि ते गाऊ लागले. पूर्ण आवाजात. हेडफोन घातलेल्याला स्वतःचा आवाज किती वर गेला ते कळत नाही. माझ्या तक्त्यात सगळं होतं, एवढं नव्हतं.

दार उघडं होतं. ओसरीवर मालकीणबाई ज्वारी निवडत होत्या. ध्रुवपदाच्या शेवटी, आम्ही एकमेकांना भेटल्यावर जे म्हणतो ते येतं. ते आल्यावर कुणाला काही विचारायची गरज उरत नाही. मी उठलो आणि दादांच्या तोंडावर हात ठेवला.

त्यांच्या मिशा माझ्या तळव्याला लागल्या. हेडफोन त्यांनी स्वतःच काढला.

"मोठ्यानं झालं का?" त्यांनी विचारलं. परक्या घरी कप फुटल्यावर पाहुणा विचारतो तसं.

"नाही, म्हणजे... शेजारी आहेत."

त्यांनी दाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "ह्यांना ठाव न्हाई व्हय, आपण कोण ते?"

मी हेडफोनमध्ये आवाज कसा स्वच्छ येतो ते सांगू लागलो.

तेवढ्यात ओसरीवरून मालकीणबाईंनी विचारलं, "कोण गायलंय हो एवढं चांगलं?"

बायकोने माझ्याकडे पाहिलं. "रेडिओ लागला होता, काकू," मी म्हणालो. दादा पटका बांधत होते. आमच्यात तीन फुटांचं अंतर असेल, जास्त नाही.

ते जेवून दुपारच्या गाडीने गेले. कॅसेट डेकमध्येच राहिली. "दादांनी भाकरी अर्धीच खाल्ली," बायको म्हणाली.

मालकांना कळलं होतं की नाही, मला आजही माहीत नाही. पुढे दोन वर्षं आम्ही तिथे राहिलो, त्यांनी विषय काढला नाही. कचेरीतल्या माझ्या एका सोबत्याला एका दिवसात खोली सोडावी लागली होती, तेव्हा माझी भीती काल्पनिक नव्हती. ती मी माझ्या बाजूने मांडू शकतो. तोंडावर ठेवलेला हात आणि ते उत्तर कुठेच मांडता येत नाही.

परभणीत स्वतःचं घर झालं तेव्हा त्याच दुरुस्तीवाल्याला बोलावून चार कोपऱ्यांत चार स्पीकर लावले. दादांना आणलं, खोलीच्या मधोमध खुर्ची ठेवली, सगळ्या खिडक्या उघडल्या आणि ती कॅसेट लावली. ध्रुवपद आलं तेव्हा मी त्यांच्याकडे पाहिलं. हात गुडघ्यावरच होता. एक बाजू संपेपर्यंत ते तसेच बसून राहिले.

मग म्हणाले, "रेडिओ हाय का?"

"नाही, दादा. तुम्हीच आहात."

"आसं," ते म्हणाले आणि सूनबाईकडे चहा मागितला.