शिक्क्यामागचा चेहरा

आमच्या भाईंदरच्या वाचनालयाचे कार्यवाह काका घरातली छत्रीसुद्धा सही घेतल्याशिवाय देत नाहीत, असं त्यांच्या पत्नीच सांगत. सरकारी कचेरीतून ते निवृत्त झाले होते. कचेरी मात्र त्यांच्यातून निवृत्त झाली नव्हती.

वाचनालयाची वेबसाइट निघाली, तेव्हा इंटरनेट फोनच्या वायरीतून कुरकुरत येई. मी इंद्रलोक वसाहतीतल्या घरून दर रविवारी जुने फोटो स्कॅन करायला जाई. मिठागरांचे, कोळीवाड्यांचे फोटो; साठ वर्षं उलटून गेल्याने त्यांवर कुणाचाच हक्क उरला नव्हता. "कुणाचाच नाही म्हणजे आपलाच," काका म्हणत. प्रत्येक फोटो पोस्टाच्या तिकिटाएवढा करायचा आणि वर मधोमध वाचनालयाचा शिक्का. दिसावं, पण मिळू नये, हे त्यांचं धोरण. मोठ्या फाइली चोरीला जातील म्हणून त्यांनी समोर बसून माझ्याकडून पुसून घेतल्या.

एकदा जवळच्या डोंगरी गावाहून सत्तरीच्या एक बाई आल्या. हातात आमच्या वेबसाइटवरून मोठा करून काढलेला, मीठ वाहणाऱ्या बायकांच्या फोटोचा प्रिंट. त्यांची आई मिठागरावर कामाला होती. बाई तान्ह्या असतानाच ती वारली. चेहरा ठाऊक नाही. मावशीने एवढीच खूण सांगितलेली, डाव्या भुवईवर व्रण. प्रिंटमध्ये तिसऱ्या बाईच्या चेहऱ्याच्या जागी चार चौकोन होते, त्यावर शिक्क्याची कड.

"ही माझी आय हाय का न्हाय, तेवढंच बघायचंय," त्या म्हणाल्या.

काकांनी त्यांना चहा पाजला आणि अर्ज लिहून घेतला. अल्बम बाहेर काढायला समितीची मंजुरी लागे.

पुढच्या महिन्यात मंजुरी मिळाली, तीही एकमताने. कपाट उघडलं, तर गच्चीतून पाणी झिरपून तो अल्बम लगदा झालेला.

रविवारी काका मला घेऊन बसने डोंगरीला गेले. बाईंच्या ओट्यावर बसून त्यांनी सगळं सांगितलं, फाइली आपणच पुसायला लावल्या हेही. मग काका म्हणाले, "अल्बम पंधरा वर्षं माझ्या ताब्यात होता. तिसरीच्या डाव्या भुवईवर व्रण होता. आणि ती हसत होती."

बाईंनी पदर डोळ्यांना लावला. निघताना सुक्या बोंबलांची पुडी बांधून दिली. काका शाकाहारी, त्यांनी ती दोन्ही हातांनी घेतली.

बसमध्ये मी विचारलं, खरंच व्रण होता का? मला तर आठवत नव्हता.

"तपासणार कशावर?" खिडकीबाहेर बघत ते म्हणाले.

पुढच्या रविवारी पाण्यातून वाचलेले अल्बम त्यांनी स्वतःच टेबलावर आणून ठेवले. कुणाची सही घेतली नाही. सगळे फोटो पूर्ण आकारात, बिनशिक्क्याचे चढवायला सांगितले, आणि दिवसभर शेजारी बसून स्कॅनरची काच आपल्या रुमालाने पुसत राहिले.