मशीन चालू असेपर्यंतचा खोकला

मिठाच्या खोलीतली मावशी चार वर्षांत एकदाही खोकलेली नाही, असं तिथल्या मालकीण मॅडम येईल त्या गिऱ्हाइकाला सांगायच्या. मावशीलाही ते ऐकून ऐकून पाठ झालं होतं, आणि अधूनमधून चक्क खरंसुद्धा वाटायचं.

खोली म्हणजे काय, तर दातांच्या दवाखान्याशेजारची बिनखिडकीची एक जागा. भिंतींना मिठाच्या गुलाबी विटा, त्यांच्यामागे पिवळे दिवे, खाली घोटाभर जाडं मीठ आणि त्यावर सहा आरामखुर्च्या. दमेकऱ्यांनी पावलांना कापडी पिशव्या चढवायच्या, खुर्चीत पडायचं आणि पाऊण तास श्वास घ्यायचा. श्वास काय, घरीही घेता येतो म्हणा, पण तिथे पिवळे दिवे कुठे असतात! मागच्या कोठडीत एक मशीन होतं. ते मिठाची भुकटी करून पाइपातून आत सोडायचं. बैठक संपली की मावशीने दाताळं घेऊन तुडवलेलं मीठ सारखं करायचं, म्हणजे पुढच्या सहा जणांना वाटावं की इथे आपणच पहिले.

दळलेल्या वस्तूंशी मावशीचा संबंध जुनाच. आधीची अठरा वर्षं पिठाच्या गिरणीत गेली. तिचे केस वयाने पांढरे झाले की पिठाने, हे नवऱ्यालाही कधी कळलं नाही. छातीत मात्र दम्याने कायमचं बस्तान बसवलं. डॉक्टर म्हणाले, “गिरणी सोडा. हा तपकिरी पंप रोज दोन वेळा, बरं वाटलं तरी. हा निळा, दम लागला तर.” मावशीने गिरणी सोडली आणि पिठातून उठून मिठात येऊन बसली. प्रगती म्हणतात ती हीच!

मिठाने अगदीच काही व्हायचं नाही असं नाही. कुणाचं नाक मोकळं व्हायचं, कुणाचा कफ सुटायचा, एखाद्याला उलटा ठसकाही लागायचा. मावशीने डॉक्टरांना विचारलं, तर ते म्हणाले, “पंपाच्या जोडीला बसायचं तर बसा. पंपाच्या जागी नको.” मावशीने हे दोन्ही, स्वतःच्या दम्याचं नाव न काढता, मॅडमच्या कानावर घातलं. मॅडमना त्यातलं ‘बसा’ तेवढं ऐकू आलं.

आणि खोकला? तो यायचाच, पण मावशीने त्याला वळण लावलं होतं. मशीन सुरू झालं की त्याच्या घरघरीत शेजारचा दातवालाही स्वतःचा पेशंट ऐकू शकत नसे. तेवढ्यात कोठडीचं दार लावायचं, साठवून ठेवलेलं सगळं खोकून टाकायचं, लागलाच तर निळा पंप ओढायचा, तो ॲप्रनच्या खिशात टाकायचा आणि हसत बाहेर यायचं. या वयात, या छातीला, बसून करायचं दुसरं काम कोण देणार होतं?

महिनाभरापासून रंगारीकाका येऊ लागले होते. गाड्यांना फवाऱ्याने रंग मारण्यात त्यांचा जन्म गेला होता. फुप्फुसांत कोणकोणते रंग साठलेत ते त्यांनाच ठाऊक. पहिल्याच दिवशी पिशव्या चढवताना त्यांनी विचारलं होतं, “मावशी, तुम्ही खरंच खोकत नाही?”

मावशी नुसती हसली. हसण्याला कुणी खोटं बोलणं म्हणत नाही, अशी तिने स्वतःची समजूत घातली.

त्या दिवशी काका खुशीत आले. “दोन्ही पंप बंद! आज पाचवा दिवस.”

“अहो, कुणी सांगितलं तुम्हाला?”

“सांगायला कशाला हवं? तुमच्याकडे बघून केले.”

मावशीचा हात खिशातल्या पंपाकडे गेला. पण दारात मॅडम नव्या गिऱ्हाइकाला म्हणत होत्या, “ह्या आमच्या मावशी! चार वर्षं आतच असतात, एक खोकला नाही!” मावशी खाल्ल्या मिठाला जागली. खात तर ती रोज आठ तास होती, नाकाने. काका आत गेले. तिने कोठडीत जाऊन मशीन लावलं आणि पोटभर खोकून घेतलं.

मग दाराच्या काचेतून तिने आत पाहिलं. पाच जण डोळे मिटून पडलेले. काका मात्र पुढे वाकून, गुडघ्यांवर हात रोवून, खांदे वर ओढत बसले होते. ओठ निळसर. ते बसणं मावशीला आरशातून माहीत होतं.

तिने मशीन बंद केलं, मॅडमना ओरडून सांगितलं, “रुग्णवाहिका बोलवा!” आणि धावत आत गेली. पंप काढला, ॲप्रनला पुसला, हलवला. “काका, श्वास सोडा. आता हळू ओढा. धरा, धरा. परत एकदा.” धावल्यामुळे तिलाही आता उबळ आली. घरघर बंद होती, खोली चिडीचूप, आणि चार वर्षांचा खोकला सगळ्यांसमोर बाहेर पडला. मॅडम दारात उभ्याच राहिल्या.

“मावशी! हे असलं तुम्ही खिशात कशाला बाळगता?”

“मला दमा आहे म्हणून,” मावशी म्हणाली. “पहिल्या दिवसापासून आहे.”

काकांना जरा बरं वाटलं. शिटीसारखा श्वास घेत ते तिच्याकडे बघत राहिले. “मग त्या दिवशी... हसलात कशाला?”

मावशीला रडू आलं. रुग्णवाहिकेची माणसं काकांना उचलून घेऊन गेली, मॅडम दिलगिरी व्यक्त करत त्यांच्यामागे जिन्यापर्यंत गेल्या. खोलीत पाच जण उरले, पावलांना पिशव्या घालून.

मावशीने डोळे पुसले आणि विचारलं, “तुमचे पंप चालू आहेत ना?”

पाचांपैकी तिघांनी मान खाली घातली.