सगळी गाडी ऐकतेय

थंडीत आमच्याकडचे जीपवाले फोन कानटोपीत खोचतात. टोपी खाली ओढायची, फोन कान आणि लोकर यांच्यामध्ये सरकवायचा, दोन्ही हात स्टिअरिंगवर. उन्हाळ्यात टोपीच्या जागी टॉवेल येतो. माझे वडील वीसेक वर्षं सुरगाण्याकडून वणी, दिंडोरीमार्गे नाशिकला जीप चालवतात आणि कानटोपीतला फोन हे त्यांच्या मते फार सुरक्षित साधन होतं. "हात मोकळे हायेत ना? मग?" असं ते आईला विचारायचे.

फोन बंद ठेवणं त्यांना शक्य नव्हतं, हेही खरं. आमच्या गाडीला वेळापत्रक नाही. गाडी भरली की सुटते आणि वाटेतल्या पाड्यांवरून फोन येत राहतात. मामा, कुठवर आलात. मामा, फाट्यावर दोन सीटा ठेवा. त्याच्या मागोमाग निरोप येतात. कुणाचे दवाखान्यातले कागद आले, कुणाच्या पोरीला बघायला पाहुणे यायचेत, कोण घरात भांडून निघालंय आणि कुणाला सांगू नका म्हणतंय. वडील हे सगळं ऐकायचे आणि पोटात ठेवायचे. आईलाही सांगायचे नाहीत. लोक त्यांच्याच गाडीसाठी अर्धा तास थांबायचे, ते यामुळे.

गेल्या थंडीत घाटात मी त्यांच्या शेजारी बसले होते. मी नाशकात इंदिरानगरला खोली करून राहते, एका छापखान्यात मजकूर तपासते, आणि सुट्टीला त्यांच्याच गाडीनं गावी जाते-येते. वळणावर टोपीतला फोन निसटला. तो धरायला वडिलांची मान वाकली आणि समोरून टोमॅटोचे क्रेट भरलेला ट्रक आला. ट्रकवाल्यानं गाडी आत घेतली म्हणून आम्ही वाचलो. आमचं मागचं चाक मुरमावर घसरलं, मागच्या बाया एकमेकींच्या अंगावर पडल्या. कुणाला लागलं नाही. वडिलांनी गाडी थांबवली, खाली उतरून चाकाकडे पाहिलं आणि खूप वेळ पाहतच राहिले.

त्या दिवसापासून मी त्यांच्या मागे लागले की गाडीत ब्लूटूथचा सेट बसवा. फोन खिशात राहील, आवाज गाडीच्या स्पीकरमधून येईल, बोलायला आरशाजवळ छोटा माइक.

"म्हणजे सगळ्या गाडीला ऐकू जाईल," ते म्हणाले.

"जाऊ द्या. लपवायचं काय असतं त्यात?"

"ते मी कसं ठरवू? आणि तू तरी कशी ठरवशील?"

मला हे पटलं नाही. मी वाचायला शिकले ती पत्रकांवर. मोर्च्याला गेलेली माणसं गाडीत पत्रकं विसरून जायची, वडील ती घरी आणायचे आणि मी चुलीसमोर मोठ्यानं वाचायचे. वनजमिनीचे दावे, रेशनचं दुकान, वसतिगृहाचं गळकं छप्पर. त्या कागदांनी माझ्या डोक्यात एक गोष्ट ठोकून बसवली: जे झाकलेलं असतं, त्याखाली कुणावर तरी अन्याय चालू असतो. सगळं चव्हाट्यावर आणा, अर्धं काम झालं. मी हे वडिलांना ऐकवलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि अट घातली.

"बसव तुझा सेट. पण यापायी माझ्या गाडीतल्या एका माणसाला जरी त्रास झाला, तर त्या दिवशी मी तो उपटून टाकीन. मग फोन कानाला. परत बोलायचं नाय."

मी कबूल झाले. ट्रक डोळ्यांसमोरून जात नव्हता. सेट टिकणं म्हणजे माझ्या दृष्टीनं वडील टिकणं होतं.

पहिले काही आठवडे मजेत गेले. वडिलांना सकाळी भजनं लागतात; ती आता फोनमधून थेट स्पीकरवर यायला लागली. गाडीनं रोज येणारे एक गुरुजी आहेत, फार कडक. त्यांनी कौतुकानं आपला फोनही सेटला जोडून पाहिला आणि तोडायला विसरले. दुसऱ्या दिवशी ते गाडीत बसले, त्यांचा फोन आपोआप जोडला गेला, आणि भजन मध्येच थांबून त्यांच्या बायकोचा आवाज आला: "डबा ओट्यावरच राहिलाय. गॅस बंद केला म्हणालात, तोही चालूच होता. शाळेत काय शिकवता देव जाणे." गुरुजी खिडकीबाहेर बघत राहिले. द्राक्षबागेत कामाला जाणारी एक मावशी म्हणाली, "गुरुजी, उत्तर द्या की. परश्न सोपा हाय." गाडी दिंडोरीपर्यंत हसत होती. वडीलही हसले. पण मग मला हळूच म्हणाले, "गुरुजींचं ठीक. त्यांना घरी जाऊन कोण मारणार नाय."

मला तेव्हाच समजायला हवं होतं.

तो रविवार होता. मी गावाहून परत निघाले होते. गाडी जवळजवळ भरलेली. मावशी मधल्या सीटवर, सुट्टी असूनही कामानं नाशिकला निघालेले गुरुजी तिच्या पलीकडे आणि खिडकीशी पांढरा सदरा घातलेले एक काका, मांडीवर पिशवी. फोन वाजला. वडिलांनी सेटचं हिरवं बटण दाबलं. एका तरुण बाईचा आवाज घाईनं आला.

"मामा, मी फाट्यावर येऊन थांबलेय. घरी माहेरी चालले म्हणून सांगितलंय. नर्सिंगच्या परीक्षेचं कुणाजवळ बोलू नका हां. आमच्या घरात कळलं तर परत घराबाहेर पाठवणार नाहीत मला. अकराच्या आत पोचेन ना?"

वडिलांनी फोन तोडायला हात नेला आणि चुकून शेजारचं गोल बटण फिरवलं. आवाज दुप्पट झाला. "मामा? ऐकू येतंय ना?" सगळ्या गाडीला ऐकू येत होतं.

फोन बंद झाल्यावर भजन परत सुरू झालं. वडिलांनी तेही बंद केलं.

खिडकीतले काका म्हणाले, "ही आमची सून हाय. माझ्या भावाची."

फाटा दहा मिनिटांवर होता.

"फाट्यावर थांबू नका. सरळ चला," काका म्हणाले.

"तिची सीट कालच सांगितलेली हाय," वडील म्हणाले. "गाडी थांबणार."

"मग मी तिला घेऊन तिथंच उतरतो."

माझ्या तोंडात अख्खं भाषण तयार होतं. शिक्षण, बाईचा हक्क, सगळं. मी वळले, तेवढ्यात वडील माझ्याकडे न बघता म्हणाले, "तू गप." आयुष्यात पहिल्यांदा मला ते बरोबर वाटलं. त्या बाईला या अडचणीत मीच घातलं होतं. आता वर तिच्यासाठी भाषण करणं म्हणजे तिचा दिवस दुसऱ्यांदा माझ्या हातात घेणं झालं असतं.

बोलली ती मावशी. "न्या की घरी. मग उद्यापासून तिच्या वाटचं पाणी तुम्ही भरा. ती तुमच्यावर फुगून बसली की कळंल."

"मावशी, तुम्ही मध्ये पडू नका."

"मध्येच बसलेय मी. सीटच मधली दिली मला."

एकदोघं हसले. काका हसले नाहीत, पण पिशवीवरची त्यांची मूठ जरा सैल झाली. गुरुजी म्हणाले, "परीक्षा वर्षातून एकदा असते. आज चुकली तर वर्ष गेलं. एवढंच सांगतो."

फाट्यावर ती उभी होती. हातात प्लास्टिकच्या पिशवीत फाइल. खिडकीत काकांचा चेहरा दिसला आणि तिचं पुढे आलेलं पाऊल मागे गेलं. एरवी वडील सीटवरूनच हाक मारतात. त्या दिवशी ते इंजिन बंद करून उतरले आणि तिच्यापुढे जाऊन उभे राहिले.

"बाई, चूक माझी हाय. तुझा फोन सगळ्या गाडीत ऐकू गेला. काकांनीबी ऐकलं. मी सांगितलं नाय, पण माझ्याच गाडीत फुटलं. आता तू म्हणशील तसं."

तिनं मागे घराकडे जाणाऱ्या वाटेकडे पाहिलं. मग ती खिडकीशी आली.

"काका, मी परीक्षेला चाललेय. खोटं बोलले ते चुकलं. संध्याकाळी घरी मीच सगळ्यांसमोर सांगते. पण आता जाऊ द्या."

काकांनी पिशवीची गाठ सोडली, परत बांधली. मग विचारलं, "ओळखपत्र घेतलंस का? खरंखुरं? झेरॉक्स चालत नाय. मला बँकेतून दोनदा परत लावलंय."

तिनं फाइल उघडून दाखवलं. त्यांनी डोळ्यांजवळ धरून ते नीट पाहिलं, परत दिलं आणि सीटवर सरकले. "चढ. लोकांचा खोळंबा होतोय."

नाशिकपर्यंत मी सेटकडे बघत होते आणि अट आठवत होते. ती बाई परीक्षेला वेळेत उतरली. काकाही तिच्यासोबत उतरले, केंद्राचा रस्ता विचारायला. गाडी रिकामी झाल्यावर मी म्हटलं, "काढून टाकायचाय ना? मी सोडवते वायरी."

वडील घाटातल्या त्या वळणाचा विचार करत असावेत. त्यांचा हात नकळत कानापाशी गेला होता.

मी घाईघाईनं म्हटलं, "आपण पाटी लावू. मी छापून आणते. या गाडीतील फोन सर्वांना ऐकू जातो."

"फोन करणाऱ्याला पाटी कुठून दिसणार गं?"

छापलेल्या शब्दावर माझा एवढा विश्वास, की तो कुणापर्यंत पोचतो हे बघायचंच राहून गेलं. आणि चव्हाट्यावर आणायचा तो साहेबाचा कारभार, ठेकेदाराचा कागद. घरच्यांपासून लपून परीक्षेला निघालेल्या बाईचं बोलणं तिच्या परवानगीशिवाय उघडं करणं, हा तर ज्यांच्याविरुद्ध मी ओरडते त्यांचाच उद्योग झाला. हे मला कुठल्याही पत्रकानं शिकवलेलं नव्हतं.

"मीच सांगत जाईन," वडील शेवटी म्हणाले. "फोन उचलला की पहिलं वाक्य तेच. आता ते कापायचं बटण कोणतं, ते नीट दाखव."

मी लाल बटणावर नेलपॉलिशचा जाड ठिपका लावून दिला.

तेव्हापासून त्यांचा हॅलो गेला. फोन उचलला की ते म्हणतात, "गाडी भरलेली हाय, सगळी गाडी ऐकतेय, बोला." ज्याला खासगी बोलायचंय तो म्हणतो, मग थांबल्यावर लावा, आणि वडील पुढच्या थांब्यावर उतरून, गाडीपासून दहा पावलं लांब जाऊन लावतात. बाकीचे बिनधास्त बोलतात. कुणी गाडीतल्या माणसाला निरोप देतं, कुणी सगळ्यांनाच विचारतं की दिंडोरीत पाऊस आहे का.

मागच्या महिन्यात मी गाडीत असताना त्या परीक्षेच्या बाईचा फोन आला. वडिलांनी आपलं वाक्य म्हटलं.

"ऐकू द्या मामा," ती म्हणाली. "नर्सिंगच्या यादीत नाव आलंय माझं. उद्या कागद दाखवायला जायचंय. तीन सीटा ठेवा. काका येतायत आणि सासूबाईपण म्हणतायत, कॉलेज कसलं ते डोळ्यांनी बघते."

"तीन नाय जमणार. दोन हायेत," वडील म्हणाले.

मागून मावशी म्हणाली, "माझी द्या तिला. मी पुढं बसते डायवरजवळ."

"पुढची जागा मी कालच सांगितलीय," गुरुजी म्हणाले.

"तुम्ही उद्या घरी थांबा गुरुजी. गॅस बंद करा."

वडिलांनी दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून घाटाचं वळण घेतलं आणि माइककडे तोंड करून म्हणाले, "या तिघं. इथं भांडण लागलंय, पण जागा निघंल."