प्रेस मशीनवरचे चाचा

आखाती युद्ध चालू असताना रियाधच्या आमच्या कारखान्यात पत्रा दाबणाऱ्या प्रेस मशीनवर दापोलीकडचे एक चाचा होते. त्यांनी मला नुसता वैताग आणला होता. मी तिथला इलेक्ट्रिशियन. त्यांच्या मशीनपुढे लाइट कर्टन मीच बसवला होता. त्याच्या न दिसणाऱ्या किरणांत हात गेला की मशीन जागच्या जागी थांबायचं.

इराकी क्षेपणास्त्रांच्या भीतीने चाचा गॅस मास्कची पिशवी गळ्यात अडकवूनच काम करायचे. वाकले की ती किरणांत जायची, मशीन थांबायचं आणि मला बोलावणं यायचं.

“तुझा हा पडदा जरा आत सरकव.”

“चाचा, आत घेतला तर मशीन थांबायच्या आधी हात प्रेसखाली पोचेल. पिशवी खाली ठेवा ना.”

“आणि सायरन झाला तर शोधत बसू?”

थोड्या वेळाने पुन्हा तेच.

बरीच माणसं गावी निघून गेल्याने काम तुंबलं होतं. एक दिवस सुपरवायझर चिडला आणि मी नको म्हणत असताना त्याने किल्ली फिरवून कर्टन बंद केला. “खलास. अब चलाओ.”

चाचा उठले. “मैं नहीं बैठता.”

“रोज तुम ही तो चिल्लाते हो!”

“चिल्लाता हूँ. बंद करने को कब बोला?”

“कफील को बोलके घर भेज दूँगा.” कफील म्हणजे आमचा अरब मालक, आमचा व्हिसा त्याच्याच हातात.

“भेजो.” दुसरं कुणी बसू नये म्हणून त्यांनी स्टूल काखेत मारलं आणि ते सरळ कँटीनमध्ये जाऊन बसले. त्यांच्या जागी उभं राहायला कुणीच पुढे येईना. शेवटी सुपरवायझरने पुटपुटत किल्ली परत फिरवली.

चाचा स्टूल घेऊन आले. किरणांत हात घालून मशीन थांबतं का ते त्यांनी पाहिलं, मग माझ्याकडे वळले.

“बघत काय राहिलास? माझा चहा तिकडे अर्धा राहिला. जा, घेऊन ये.”

मी मुकाट्याने गेलो.