यंत्राच्या तोंडातली उदबत्ती

कापडे गावाच्या वरच्या वाडीत बँकेचे कार्ड बहुतेक घरांत होते. त्याचा गुप्त आकडा मात्र साऱ्या वाडीत मिळून एकच होता. तो म्हणजे विनोदच्या मिनीडोर रिक्षाच्या पाटीवरचे चार अंक. पोलादपूरला जाऊन सगळ्यांचे पैसे काढून आणण्याचे काम विनोदकडे असे. घरोघरचे निराळे आकडे डोक्यात वागवण्यापेक्षा एकच बरा, आणि तोही विसरलाच तर एटीएमच्या काचेतून बाहेर उभ्या गाडीकडे मान वळवून वाचता येई. गुप्ततेच्या कल्पनेची याहून निष्पाप विटंबना सापडणे अवघड आहे. तिच्यामुळे वाडीतल्या कोणाचेही पैसे कधी गहाळ झाले नाहीत, हेही नमूद केले पाहिजे.

गहाळ होई ते दुसरेच. विनोदच्या पोटात काही राहत नसे. परतीच्या वाटेवर चढ लागला की कोणी किती काढले आणि कशासाठी, याचे गाडीत जाहीर वाचन होई.

भागूबाई ही त्याची आते. तिचे डोळे लहानपणीच गेले होते. नवरा वारल्यावर ती माहेरच्या वाडीत परतली आणि शेळ्या राखू लागली. दृष्टिहीन माणसाच्या वाट्याला एक चमत्कारिक अन्याय येतो: जग त्याला दिसत नाही आणि तो मात्र जगाला गरजेपेक्षा अधिक दिसतो. तिच्या ताटात काय आहे, पदर कुठे ढळला आहे, पिशवीत काय आहे, हे सांगायला वाडीतला प्रत्येक जण तत्पर असे. या तत्परतेला वाडी माया म्हणे, आणि ते खोटेही नव्हते.

महाडचा दिलावर हा बोकडांचा व्यापारी. त्याच्याकडून भागूबाईने एकदा अत्तराची कुपी मागवली. कुपीसाठी काढलेल्या पैशांची वार्ता विनोदच्या गाडीतून कुपीच्या आधीच वाडीत पोहोचली.

"काय गो आते, कुणासाठी वास मारायचा बेत हाय?" विनोदने अंगणातूनच विचारले.

"बोकडासाठी रे. त्यालाच तेवढी कदर हाय."

वाडी हसली. तीही हसली. पण कुपी तिने फोडली नाही. सगळ्यांनी आधीच हुंगून झालेल्या अत्तरात तिला रस उरला नव्हता.

पुढच्या खेपेला दिलावर आला तेव्हा तिने हे गाऱ्हाणे त्याच्यापुढे मांडले. दिलावर म्हणाला, "माझा चुलता कुवेतला असतो, भागूबाय. त्यालाही दिसत नाय. तो कानात बोंडं घालतो, वायर मशीनच्या भोकात खुपसतो, नि मशीन त्याच्याशी बोलते. बायकोलासुद्धा ऐकू जात नाय."

"बायकोलासुद्धा?"

"तिचीच तर तक्रार हाय."

"आपल्याकडच्या मशीनला हाय काय रे असं भोक?"

"कैक मशीनला असतं. कुणी वापरत नाय, एवढंच."

बोकडाचा सौदा झाला आणि भागूबाईने दिलावरच्या खिशातली तसलीच बोंडे वर घालून घेतली. आपला एक आकडा असावा आणि तो दुसऱ्या कोणाला ठाऊक नसावा, एवढीच तिची मागणी होती. स्वायत्तता हा शब्द तिच्या कानावर कधी आला नसावा. त्या शब्दावाचून तिचे काही अडलेही नाही.

बाजाराच्या दिवशी ती विनोदच्या गाडीत बसली. पोलादपूरचे ते एटीएम महामार्गाच्या कडेला होते. कशेडी घाट चढण्याआधी ट्रकवाले तिथे थांबत. तिथला रखवालदार चांगू मोठा नेमाचा माणूस. दारावर 'एका वेळी एकच ग्राहक' अशी पाटी होती, आणि तिचा अंमल तो काटेकोर करी. अपवाद फक्त भागूबाईचा. ती कधी स्वतः येऊन आत गेली की विनोद, चांगू आणि रांगेतला एखादा परोपकारी तिच्याबरोबर आत शिरत. आंधळ्या बाईचा व्यवहार म्हणजे जणू छोटी ग्रामसभाच.

या वेळी तिने आत गेल्यागेल्या कार्ड काढले नाही. यंत्राच्या अंगावरून बोटे फिरवीत ती एका जागी थांबली. तिथे भोक होते, आणि भोकात काडी होती.

"ह्यात काय खुपसलंय रे, चांगू?"

"उदबत्ती. रोज सकाळी लावतो. कंपनीनं जागाच दिल्याय तशी. अगदी मापाची."

"नि काडी मोडली की?"

"मोडली तर मोडली. दुसरी तिच्याशेजारी."

"त्या भोकातून मशीन बोलते रे बाबा. ते तोंड हाय तिचं. तू रोज पूजा करतोस नि रोज तोंडात बोळा कोंबतोस."

चांगूचा चेहरा पडला. भक्तीत अन्याय असू शकतो, ही शक्यता त्याच्या विचारात कधी आली नव्हती. "शिव्या देत असेल काय गो मला?" त्याने हळूच विचारले.

"तोंड मोकळं केल्यावर कळेल."

शेळ्यांच्या खुरांतले काटे काढायचा चिमटा तिच्या कनवटीला असेच. त्याने तिने तुटक्या काड्या एकेक करून उपसल्या, फुंकर घातली आणि बोंडांची वायर खुपसली. मग वळून म्हणाली, "दारावर काय लिहिलंय, चांगू?"

चांगूने पाटी मोठ्याने वाचली.

"मग विनोदला बाहेर काढ. नि तूही हो."

नियम स्वतःच वाचून दाखवल्यावर चांगूचा निरुपाय झाला. विनोद काचेला नाक लावून उभा राहिला. कानातल्या बाईने हिंदीत आधी हवे असल्यास पडदा काळा करण्याची सोय देऊ केली; भागूबाईने ती विनाविलंब घेतली.

"मशीन बंद पडली गो आते," विनोद बाहेरून म्हणाला. "काय दिसत नाय."

"सवय होईल," ती आतून म्हणाली.

तिने कार्ड सरकवले. कानातला आवाज सांगत गेला, बोटे पाचाच्या बटणावरचा उंचवटा धरून फिरत गेली, आणि जुना आकडा जाऊन नवा बसला. बाहेर आल्यावर तिने चांगूच्या हातात पिशवीतले कच्चे केळे ठेवले. "उदबत्ती ह्यात खोच. नि तुला तिनं काय शिव्या दिल्या नाय."

परतीच्या वाटेवर चढ लागला. गाडी भरलेली होती आणि वाचनाची वेळ झाली होती.

"आते, नवा नंबर काय?" विनोदने विचारले. "उद्या तू आजारी पडलीस तर? एकाला तरी ठावा हवा."

"कान इकडे कर."

त्याने गाडी थांबवून कान मागे केला. तिने त्याच्या कानात हलकेच चार अंक सांगितले: त्याच्याच गाडीच्या पाटीवरचे.

"काय म्हणाली रे?" मागून वाडीतल्या सखाने विचारले. "आम्हाला सांग की."

विनोदने गाडी पुन्हा सुरू केली. खरे सांगावे, तर आतेने आपल्याला काहीच सांगितले नाही, हे भरल्या गाडीत कबूल करावे लागणार होते.

"विश्वासानं सांगितलंय," तो म्हणाला. "नाय सांगणार."

वाडी येईपर्यंत सगळ्यांनी त्याला विनवले, डिवचले, लाचही देऊ केली. विनोद बधला नाही. मागच्या बाकावर भागूबाईने पिशवीतली अत्तराची कुपी फोडली.