इंदूवन्संबरोबर कोचीपर्यंत

सातव्या वेळी क्रूझला निघाले तेव्हा भाईंदर पूर्वेच्या आमच्या सोसायटीत कुणाला त्याचं काही वाटलं नाही. वॉचमनने बॅगा टॅक्सीत ठेवल्या आणि "आंटी, इस बार किधर?" एवढंच विचारलं. माझ्यासाठी मात्र ही खेप वेगळी होती, कारण शेजारच्या सीटवर इंदूवन्सं बसल्या होत्या.

इंदूवन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. वय बहात्तर, राहणार रत्नागिरीजवळच्या एका वाडीत. माझे यजमान गेले त्याला आता सहा वर्षं झाली. आमचं औषधांचं दुकान मुलाने हातात घेतलं आणि वर्षभराने मी पहिल्यांदा एकटी बोटीवर गेले. तेव्हा वन्सं फोनवर म्हणाल्या होत्या की, वर्षश्राद्ध होतंय न होतंय तोच हिला समुद्रावर मिरवायचं सुचलं. पुढे प्रत्येक सफरीनंतर त्या महिना-दोन महिने माझ्याशी धड बोलत नसत. यंदा मुंबई ते कोची आणि परत अशी पाच दिवसांची सफर मी ठरवल्याचं त्यांच्या कानावर गेलं आणि त्यांनी आपण होऊन "मी येते" असं सांगितलं. का, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

बोट दुपारी सुटणार असली तरी मी सकाळी आठलाच घर सोडते. काशीमीऱ्याच्या नाक्यावर कंटेनरची रांग लागली की तास कुठे जातो ते कळत नाही, आणि बोट काही आपल्यासाठी खोळंबत नाही. दुसरं म्हणजे, बंदरावर मोठ्या बॅगा चिठ्ठी लावून ताब्यात घेतात आणि त्या खोलीवर येतात थेट संध्याकाळी. म्हणून औषधं, चष्मा, आधार कार्ड आणि बदलायच्या कपड्यांचा एक जोड खांद्याच्या पिशवीत हवाच. हे सगळं मी वन्संना वाटेत सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि बंदरावर पोचल्यावर बॅग सोडायला साफ नकार दिला.

कारण तपासणीच्या यंत्रापाशी कळलं. बॅगेत शेरभर सुकट होती. बाहेरचं खाणं बोटीवर चालत नाही, हे तिथल्या मुलीने फार अदबीने समजावलं. वन्सं तिच्याकडे बघत राहिल्या, मग त्यांनी ती पुडी एका हमालाच्या हातात दिली आणि कांदा जास्त घालून परतायला सांगितलं. हमालही कोकणातलाच निघाला. त्याने वाकून नमस्कार केला.

खोली मी नेहमी खालच्या मजल्यावरची आणि बोटीच्या मध्यावरची घेते. टोकाच्या खोल्या ऐटबाज असतात, पण हेलकावेही तिथेच जास्त. बोट लागत असेल तर गोळी आधी घ्यावी, पोटात ढवळायला लागल्यावर तिचा उपयोग नाही. औषधांच्या काउंटरवर तीस वर्षं काढलेल्या बाईचा हा सल्ला आहे. तरी गोव्याच्या पुढे गेल्यावर मीच आडवी झाले. वन्संच्या हातात मी आल्याची वडी ठेवली होती, ती त्यांनी मला भरवली आणि स्वतः वर जाऊन दोन डोसे खाऊन आल्या.

दुसरा दिवस सगळा पाण्यावरच. वरच्या डेकवर रेलिंगला टेकून आम्ही उभ्या होतो. पाणी इतकं निळं होतं की डोळे निवले. बोटीच्या कडेने उडणारे मासे उठत, चमकत दूरवर जात आणि पुन्हा पाण्यात शिरत. वन्सं जन्मभर समुद्राशेजारी राहिलेल्या, पण किनारा अजिबात दिसत नाही असा समुद्र त्या पहिल्यांदाच बघत होत्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी कोची आलं. दोन्ही काठांना नारळीची दाट हिरवी रेघ, मच्छीमारांच्या होड्या, आणि पाण्यावर ओणवलेली ती प्रसिद्ध चिनी जाळी (लाकडी सांगाड्याला टांगलेली, दोर ओढून वर घ्यायची जाळी). कितव्यांदा पाहिलं तरी कोचीचं बंदर मला सुंदरच वाटतं. साडेचारपर्यंत सर्वांनी बोटीवर परतायचं होतं. माझा नियम साडेतीनचा. बोटीच्या कंपनीची सहल घेतली आणि तिला उशीर झाला तर बोट थांबते, आपण आपले फिरायला गेलो तर थांबत नाही. म्हणून नवख्या माणसाने कंपनीच्या बसनेच जावं. आमचीही जागा बसमध्येच होती.

नाश्त्याला मी वन्संना अप्पम (आंबवलेल्या तांदळाचं मऊ धिरडं) आणून दिलं. त्यांनी ते तसंच ठेवलं आणि एका दमात एक पत्ता म्हटला. घर क्रमांक, गल्ली, मट्टांचेरी, कोचीन, पिनकोडसकट.

"अकरा वर्षं पत्रावर लिहिलाय," त्या म्हणाल्या. "मला तिथे जायचंय, शैला."

मग त्यांनी सगळं सांगितलं. भावोजी, म्हणजे त्यांचे यजमान, कोचीला बोटींची इंजिनं दुरुस्त करायच्या कारखान्यात फिटर होते. वर्षातून एकदा गणपतीला घरी येत. दर उन्हाळ्यात ते वन्संना महिनाभर बोलावून घेत, आणि दर उन्हाळ्यात काही ना काही आड येई. कधी सासूचं आजारपण, कधी आंब्याचं काम, कधी मुलांच्या परीक्षा. शेवटी भावोजीच नोकरी संपवून गावी आले. चार वर्षांपूर्वी ते वारले. वन्सं कोचीला गेल्या नाहीत त्या नाहीतच.

बस आम्ही सोडून दिली. बंदराबाहेर रिक्षा केली. चालकाला नवल वाटलं, पण पत्ता त्याला कळला. बंदर आहे त्या बेटावरून पूल ओलांडून मट्टांचेरीत शिरलो की मसाल्यांच्या वखारी सुरू होतात. सुंठ आणि मिऱ्यांचा वास रिक्षात भरला. तीनदा विचारत, दोनदा चुकत आम्ही त्या गल्लीत पोचलो तेव्हा बारा वाजून गेले होते. कौलारू, दुमजली घर अजून उभं होतं.

दार उघडलं ते ग्रेसी नावाच्या पंचावन्नच्या आसपासच्या बाईने. घर तिच्या आईचं, आता तिचं. माझ्या नशिबाने तिने तरुणपणी वसईत नर्सची नोकरी केली होती, त्यामुळे तिला मोडकं हिंदी आणि थोडं मराठी येत होतं. मी भावोजींचं नाव सांगितलं. ती क्षणभर आठवत राहिली, मग माझ्याकडे न बघता वन्संकडे बघून तिने विचारलं, "रत्नागिरी अंकलकी वाइफ?"

तिने आम्हाला जेवल्याशिवाय सोडलं नाही. जाड तांदळाचा भात, नारळाच्या दुधातली करीमीन (खाडीतला एक चविष्ट मासा), कैरीचं लोणचं. ती तेव्हा शाळकरी होती. अंकल तिच्या आईला विहिरीचं पाणी काढून देत, सायकलचं पंक्चर काढून देत, असं काही काही ती सांगत होती. मग आम्हाला वरच्या खोलीत घेऊन गेली. छोटीशी खोली, एक खिडकी, खिडकीतून खाडीचा तुकडा.

"हर एप्रिलमें इसको चुना लगाते थे," ग्रेसी म्हणाली. "खुद. अम्मा बोलती थी, अभी तो लगाया पिछले साल. वो बोलते थे, बायको येणार."

'बायको येणार' एवढे दोन शब्द ती मराठीत म्हणाली, तेही भावोजींच्या हेलात. वन्संनी भिंतीला हात लावला आणि त्या खाली फरशीवर बसल्या. रडल्या नाहीत. खिडकीकडे तोंड करून बसून राहिल्या. ग्रेसी आणि मी जिन्यात येऊन थांबलो.

अडीच वाजले, तीन वाजले. सहा सफरींत मी कितीतरी लोकांना घड्याळ दाखवून दामटलं आहे. त्या दिवशी माझ्याने हाक मारवेना. साडेतीनच्या सुमाराला त्या स्वतःच उठल्या, ग्रेसीला जवळ घेतलं आणि म्हणाल्या, "चला."

थांबवून ठेवलेल्या त्याच रिक्षाने निघालो, तर पुलाच्या अलीकडे एक ट्रक बंद पडला होता. पुढे रिक्षांची, गाड्यांची गच्च रांग. चार वाजून गेले. बोट समोरच्या बेटावर, पांढरीशुभ्र, डोळ्यांना दिसत होती आणि आम्ही जागच्या जागी. आधार कार्ड खोलीत, औषधं खोलीत, आणि सोबत गुडघे दुखणाऱ्या बहात्तर वर्षांच्या वन्सं. चालकाने माझा चेहरा पाहिला, रिक्षा मागे घेतली आणि गल्लीबोळांतून थेट जेट्टीवर आणली. पलीकडे जाणारी लाँच सुटायच्या बेतात होती. तो तिकिटाच्या रांगेतल्या लोकांशी त्यांच्या भाषेत काहीतरी बोलला आणि सगळी रांग बाजूला झाली.

लाँच आणि धक्का यांच्यामध्ये हातभर पाणी हलत होतं. मी वन्संना धरायला वळले, तोवर त्या निऱ्या वर खोचून पलीकडे गेल्याही होत्या. तिथून त्यांनी मलाच हात दिला.

चार पंचवीसला आम्ही बोटीची शिडी चढलो. कार्ड तपासणाऱ्या मुलाने हसून स्वागत केलं. वन्सं सरळ वर गेल्या आणि कोची दिसेनासं होईपर्यंत डेकवर उभ्या राहिल्या. मी त्यांच्यासाठी चहा घेऊन गेले, एवढंच.

परत आल्यावर त्या भाईंदरला चार दिवस राहिल्या. सोसायटीतल्या बायकांना त्यांनी उडणारे मासे सांगितले, डोसे सांगितले, माझं आडवं होणं तर रंगवून सांगितलं. मट्टांचेरीचं नाव काढलं नाही.

पाचव्या दिवशी सकाळी मी त्यांना कोकणची बस धरून द्यायला काशीमीऱ्याला गेले. बसला उशीर होता. गॅरेजच्या सावलीत आम्ही बॅगेवर बसलो. समोरून ट्रक जात होते, धूळ उडत होती. मध्येच वन्सं म्हणाल्या, "तू बोटीवर जायचीस ना, तेव्हा मला राग यायचा."

मी म्हटलं, ठाऊक आहे.

"तुला नाही ठाऊक. तू जायचीस म्हणून नव्हता येत. मी गेले नव्हते म्हणून यायचा."

मी त्यांचा हात हातात घेतला. बस आली, त्यांना खिडकी मिळाली, आणि बस घोडबंदरच्या रस्त्याला लागली.

लोक विचारतात तेव्हा मी सांगते, दुःख विसरायला म्हणून फिरते. विधवा बाईच्या तोंडी ते बरं दिसतं. खरी गोष्ट अशी की बोटीवर मला पहिल्या दिवसापासून आनंद झाला, आणि त्या आनंदाची पाच वर्षं मला लाज वाटत होती. आधीच्या सफरींचे सगळे फोटो मी फोनमध्येच दडवून ठेवले होते. घरी आले, चहा टाकला, आणि उकळेपर्यंत ते एकेक करून नातेवाइकांच्या ग्रुपवर पाठवत राहिले.