ऐकण्याचे दहा मार्क

पावसाळ्यात नवरा काविळीनं गेला आणि दिवाळीनंतर मी पुन्हा शाळेत जाऊ लागले. नागपुरात, महाल भागातल्या एका मुलींच्या शाळेत मी इंग्रजी शिकवत होते. वर्गात उभी राहिले की कर्मणी प्रयोग, शब्दांच्या जाती, धड्याखालचे प्रश्न, सगळं तोंडातून आपोआप निघायचं. तास संपला की खडू डबीत ठेवायचा आणि पुढच्या वर्गावर जायचं. सहकारी बायका माझ्याकडे बघून गप्प व्हायच्या. त्यांना वाटत असावं, ही आता रडेल. मला रडू येत नव्हतं. घरी सासूबाई ताट वाढायच्या आणि मी जेवायचे. भाजी कोणती होती असं ताटावरून उठल्याबरोबर कुणी विचारलं असतं, तर सांगता आलं नसतं.

दहावीचा नवा अभ्यासक्रम येऊन तेव्हा दोन-तीन वर्षं झाली होती. आमच्या ओळखीच्या काही शाळांनी मिळून ठरवलं की सराव परीक्षेसोबत इंग्रजीची तोंडी परीक्षाही घ्यायची. मुलं उत्तरं घोकून लिहितात, पण समोरचा माणूस इंग्रजी बोलला की दगडासारखी बसतात, अशी सगळ्यांचीच तक्रार होती. वाचनाला दहा मार्क, ऐकण्याला दहा. परीक्षा घ्यायला दुसऱ्या शाळेचा शिक्षक जाणार, म्हणजे ओळखीपाळखीचा प्रश्न नाही.

आमच्या मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, मला मौद्याकडच्या एका खेड्यातली शाळा दिली. "तेवढाच हवापालट," असं त्या म्हणाल्या. मी घरी सांगितलं, तेव्हा सासूबाई तांदूळ निवडत होत्या. सुपातून नजर न काढता त्या म्हणाल्या, "जाऊन ये वं. घरात बसून तरी काय करून राहिली तू?" त्यांचा एकुलता मुलगा गेला होता आणि त्या तांदळातले खडे काढत होत्या. आम्ही दोघी तशाच होतो.

भंडाऱ्याकडे जाणाऱ्या एसटीनं मी सकाळी निघाले. थंडी होती. धान कापून झालेल्या बांध्यांमध्ये, त्या लहान वाफ्यांत, लाखोळीच्या डाळीचं पीक हिरवं दिसत होतं. खिडकीची काच बसत नव्हती आणि वारा सरळ तोंडावर येत होता. शेजारची बाई म्हणाली, "खिडकी लावा नं, थंडी नाही वाजून राहिली काय तुम्हाले?" तेव्हा मला समजलं की आपल्याला थंडी वाजते आहे.

शाळा रस्त्यापासून जवळच होती. कौलारू खोल्यांची एक ओळ आणि समोर मोठं कडुनिंबाचं झाड. तिथले इंग्रजीचे सर मला न्यायला फाटकापर्यंत आले. पन्नाशीचे, स्वेटरवर कोट घातलेले, भला माणूस. त्यांनी आधीच माफी मागून टाकली. "बाई, आमची पोरं वाचतील कशीबशी. पण ऐकण्याचं काही खरं नाही. इंग्रजी ऐकणार कुठून? माह्याशिवाय कोणी बोलत नाही, अन् मीही मराठीतच शिकवतो."

परीक्षेसाठी त्यांनी शिवणकामाची खोली रिकामी केली होती. झाकलेली दोन मशिनं भिंतीला लावलेली, मध्ये टेबल, दोन खुर्च्या. एकेक विद्यार्थी आत येणार. आधी त्यानं कार्डावरचा न पाहिलेला उतारा मोठ्यानं वाचायचा. मग मी दुसरा उतारा दोनदा वाचून दाखवायचा आणि पाच प्रश्न विचारायचे. उतारा साधा होता. एका दुकानदाराची दाढ दुखते, तो दुकान लवकर बंद करून डॉक्टरकडे निघतो, वाटेत मित्र भेटतो, मित्र एक गोळी देतो, दाढ दुखायची थांबते, दुकानदार परत येतो तर दाराशी गिऱ्हाइकं ताटकळलेली. दुकान का बंद केलं? वाटेत कोण भेटलं? मित्रानं काय दिलं? असे प्रश्न.

पहिल्या मुलानं 'आयलंड' हा शब्द 'इस्लँड' असा वाचला आणि माझ्याकडे बघितलं. दुसऱ्यानं ऐकण्याच्या प्रत्येक प्रश्नाला 'येस बाई' असं उत्तर दिलं. तिसरा मुलगा उतारा ऐकताना डोळे मिटून बसला. त्याला बहुतेक सगळं कळलं होतं, पण बोलताना त्याचे ओठ थरथरत होते. मी मार्क देत गेले. दुपारपर्यंत तो दुकानदार इतक्या वेळा डॉक्टरकडे निघाला की मला त्या वाक्यांचा अर्थ लागेनासा झाला.

मुलींचा नंबर आला तेव्हा मात्र मला त्रास होऊ लागला. मुलगी आत यायची, नमस्ते म्हणायची आणि तिची नजर आधी माझ्या कपाळावर जायची, मग हातांवर. मग ती खाली बघायची. त्यात वाईट काही नव्हतं. खेड्यात आणि शहरात, गेले कित्येक महिने सगळ्यांची नजर त्याच वाटेनं जात होती. मी उताऱ्याचा कागद उंच धरून वाचायला लागले. कागदाच्या आड बरं वाटत होतं. मुलींनाही बरं वाटत असावं.

जेवणाच्या सुट्टीआधी एक मुलगी आली. उंच, सावळी, तेल लावून घट्ट घातलेल्या दोन वेण्या. तिनं कार्ड हातात घेतलं आणि न अडखळता वाचायला सुरुवात केली. तिचा आवाज एकाच पट्टीत चालला होता, प्रश्न आला तरी वर जात नव्हता, पूर्णविराम आला तरी खाली येत नव्हता. 'नाइफ'मधला के तिनं स्पष्ट उच्चारला, 'वॉक'मधला एलसुद्धा. पण ती समजून वाचत होती. वाक्य जिथे तोडायचं तिथेच तोडत होती. सकाळपासून असं कुणी वाचलं नव्हतं. मी तिला नऊ मार्क दिले.

मग मी कागद वर धरला आणि दुकानदाराचा उतारा दोनदा वाचला. पहिला प्रश्न विचारला. उत्तर नाही. पुन्हा विचारला. खुर्चीचा आवाज आला म्हणून कागदाच्या कडेवरून पाहिलं, तर ती मान वाकडी करून, जवळजवळ टेबलावर ओणवी होऊन, कागदाच्या खालून माझ्याकडे बघत होती.

"सरळ बस," मी म्हणाले.

ती बसली. मग म्हणाली, "बाई, कागद खाली करा नं. मले दिसून नाही राहिलं."

"यात काय बघायचंय? हे ऐकायचं आहे."

हेही मी कागदाआडूनच बोलले असणार, कारण ती काही क्षण थांबली. मी कागद थोडा खाली घेऊन तेच पुन्हा म्हणाले, तेव्हा तिनं उत्तर दिलं. "मले पाह्यल्याशिवाय ऐकू येत नाही."

मला वाटलं, मुलगी वात्रट आहे. पण तिच्या चेहऱ्यावर तसं काही नव्हतं. मी विचारलं आणि तिनं सांगितलं. चौथीत असताना मोठा ताप आला, मुदतीचा. त्यानंतर आवाज येतो, पण त्यातले शब्द कळत नाहीत. बोलणाऱ्याचं तोंड दिसलं की कळतात. हे सगळं ती आपल्या घराचा पत्ता सांगावा तसं सांगत होती.

"सरांना माहीत आहे?"

"त्याईले वाटते मी ढ आहो. सर फळ्याकडे तोंड करून शिकवते. मग मी पुस्तकातूनच वाचतो."

'नाइफ'मधला के कुठून आला, ते मला तेव्हा कळलं. तिनं इंग्रजी कधी ऐकलंच नव्हतं, फक्त पाहिलं होतं, पानावर आणि सर चुकून वळले की त्यांच्या ओठांवर.

मी कागद टेबलावर ठेवला. उतारा मला पाठच झाला होता. तिची नजर माझ्या तोंडावर आली आणि तिथेच थांबली. कपाळावर गेली नाही, हातांवर गेली नाही. इतक्या महिन्यांत माझ्याकडे कुणी असं सरळ पाहिलं नव्हतं. त्यामुळे मला काही वाटलं का? खरं सांगायचं तर तेव्हा काहीच वाटलं नाही. एवढंच लक्षात आलं की माझे ओठ कोरडे पडले आहेत. मी पाणी प्यायले आणि उतारा सावकाश म्हटला.

तिनं उत्तरं दिली. दुकानदारानं दुकान बंद केलं कारण त्याची दाढ दुखत होती. रस्त्यात मित्र भेटला. इंग्रजी मोडकं, पण उत्तरं बरोबर. मग मी विचारलं, मित्रानं त्याला काय दिलं?

"बिल," ती म्हणाली.

"काय?"

"फ्रेंड गेव्ह हिम बिल." आणि मग तिच्या कपाळाला आठ्या पडल्या आणि ती मराठीत म्हणाली, "पण काहून, बाई? मित्र असून बिल काहून दिलं त्यानं?"

माझ्या तोंडातून एक आवाज निघाला. मी हसले असं म्हणता येणार नाही, पण तो हसण्याच्या जवळचा आवाज होता. मी तिला सांगितलं, बिल नाही, पिल, म्हणजे गोळी. ती स्वतःच्या ओठांवर बोट ठेवून दोन्ही शब्द पुटपुटली आणि म्हणाली, "दोन्ही एकसारखेच दिसते नं." मग ती मात्र मोकळेपणानं हसली. उरलेले दोन प्रश्न तिनं बरोबर सोडवले.

मी आठ मार्क लिहिले.

जेवण मुख्याध्यापकांच्या घरी होतं. भात, वरण, लाखोळीच्या पाल्याची भाजी. इंग्रजीचे सरही जेवायला होते. मी त्या मुलीचं सांगितलं तेव्हा त्यांचा घास हातातच राहिला.

"ती? ती तर वर्गात तोंड उघडत नाही. हाक मारली तर मान वर करत नाही. मले वाटे घमेंडी आहे, नाही तर मंद आहे."

"तिला हाक ऐकू येत नाही."

ते बराच वेळ भात कालवत बसले. मग म्हणाले, "पण बाई, मग ऐकण्याचे मार्क कसे देता तुम्ही तिले? वाचनाचे द्या, पूर्ण द्या. परीक्षा ऐकण्याची आहे. ती तर पाहून राहिली होती."

त्यांचं चुकत नव्हतं. दुसऱ्या मुलांनी कागदाआडचा आवाज ऐकून उत्तरं दिली होती आणि हिला माझं तोंड दिसत होतं. मुख्याध्यापक दोघांकडे आळीपाळीनं बघत होते. एरवी मी अशा वेळी म्हणाले असते, तुम्ही म्हणाल तसं. त्या दिवसांत मी सगळ्यांना तेच म्हणत होते, घरी, शाळेत, बँकेत. पण मी म्हणाले, "आपण कशासाठी परीक्षा घेतोय? समोरचा माणूस इंग्रजी बोलला तर मुलांना कळतं का, ते बघायला. मी बोलले. तिला कळलं."

"अन् बिल?"

"बिलाचे दोन कापले."

मुख्याध्यापक हसले. "परीक्षक तुम्ही. तुम्ही लिहिलं ते राहील." सर हात धुवायला उठले. मला वाटलं, ते दुखावले. पण परत शाळेकडे जाताना ते अचानक थांबून म्हणाले, "बाई, पंधरा-वीस वर्षं झाली शिकवून राहिलो. फळ्याकडे तोंड करून बोलायची सवयच लागली. आता बसवू कुठं तिले? पहिल्या बाकावर तर ती बसतेच." मी म्हटलं, आधी लिहा, मग वळून बोला. "बरं," ते म्हणाले. पुढची सगळी वाट ते मान खाली घालून चालले.

संध्याकाळी घरी पोचले. हातपाय धुतले आणि मोरीशेजारच्या आरशासमोर उभी राहिले. पिल म्हटलं. बिल म्हटलं. मिलही म्हणून पाहिलं. खरंच तिन्ही एकसारखे दिसत होते. सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. "काय करून राहिली?" असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं, एका मुलीला ऐकू येत नाही, ती तोंड बघून शब्द ओळखते. त्या आत आल्या, माझ्या शेजारी उभ्या राहिल्या आणि आरशात बघून आपल्या मुलाचं नाव ओठांनी म्हणाल्या, आवाज न काढता. मला ते ओळखता आलं. त्या जेवण वाढायला गेल्या.

पुढच्या वर्षी मी त्या शाळेत पुन्हा गेले. सरांनी फाटकातच सांगितलं, ती पास झाली, इंग्रजीत वर्गात पहिली आली, आता नागपुरात मामाकडे राहून टायपिंग शिकते. मी परीक्षा घेत असताना बाजूच्या खोलीतून त्यांचा तास ऐकू येत होता. खडूची करकर थांबायची आणि मग त्यांचा आवाज यायचा.

त्यानंतर बऱ्याच दिवसांनी ती मला नागपुरात, बर्डीवरच्या बाजारात, बसच्या रांगेत भेटली. तिनंच ओळखलं. साडी नेसली होती, हातात पर्स होती. कुठल्याशा कचेरीत टायपिस्ट म्हणून लागली होती. तिथल्या मशिनांच्या खडखडाटानं बाकीच्यांची डोकी दुखतात, तिला काही वाटत नाही, हे तिनं मजेत सांगितलं. मला खूप बोलायचं होतं. सासूबाईंचं, शाळेचं, त्या सरांचं, मी एकामागून एक सांगत सुटले.

तिनं माझ्या हातावर हात ठेवला. "बाई, हळू बोला नं. कळून नाही राहिलं. त्या दिवशी तुम्ही किती हळू बोलत होत्या. एकेक शब्द वेगवेगळा दिसत होता."

मी म्हटलं, त्या दिवशी तशी होते खरी. तिची बस आली. ती चढली, खिडकीतून हात हलवला आणि ओठांनी काहीतरी म्हणाली. ते मला ओळखता आलं नाही. मीही हात हलवला.